अर्धं सांगितलेलं औषध

मी गाव सोडलं त्या सकाळी माझ्या डाव्या मनगटावर बिब्बा उतला होता. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. बिब्ब्याच्या काळ्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की दोन दिवसांनी तिथं फोड येतात, खाज सुटते आणि कातडी सोलून निघेपर्यंत पिच्छा सुटत नाही. आदल्या आठवड्यात मी मायसोबत गोडंबी काढायला बसले होते. बिब्बा फोडून आतला जो गर काढतात ती गोडंबी. शहरात ती सुक्या मेव्याच्या दुकानात बरणीत दिसते, कुणी फोडली हे कुणी विचारत नाही. माय हाताला तेल चोपडून, वर राख लावून बसायची. मला जायची घाई, मी राखेचा कंटाळा केला. मग व्हायचं ते झालं.

पोंभुर्ण्याच्या स्टँडवर चंद्रपूरची बस उभी होती. चंद्रपूरहून बल्लारशा, तिथून गाडीनं हैदराबाद. तिथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला माझा नंबर लागला होता आणि बल्लारशाच्या पुढं मी आयुष्यात गेले नव्हते. सोडायला माय होती आणि मोठाबा होते. मोठाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. मी सहावीत असताना बाबा गेले, तेव्हापासून माझ्या शाळेच्या दाखल्यापासून तापापर्यंत सगळं मोठाबांनीच पाहिलं. त्या सकाळीही त्यांनी चारोळी वाटून आणली होती, ती माझ्या मनगटाला लावत बसले होते आणि बसचा कंडक्टर आमच्याकडे बघत होता.

माय म्हणाली, "तिथी कोनाले सांगू नको, आपन बिब्बे फोडतो म्हनून."

मोठाबांनी मान वर न करता विचारलं, "काऊन नाई सांगाचं?"

मायनं माझी बॅग बसच्या दारात चढवली. बस सुटली. वरोऱ्याची, राजुऱ्याची, ब्रह्मपुरीची जी पोरं माझ्यासारखीच एक बॅग घेऊन पुण्या-हैदराबादला गेली आणि ज्यांच्या माया स्टँडवर अशाच काहीतरी बोलल्या, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. आणि जे गावातच राहिले, ज्यांच्या अंगणात मी नंतर एक चूक करून ठेवली, त्यांच्यासाठी तर आधी.

हैदराबादनं मला फार छळलं नाही. भाषा कळत नव्हती, पण अंबाडीची भाजी कळली. तिथं तिला गोंगूरा म्हणतात आणि आपण पहिल्यांदाच शोधून काढल्यासारखं तिचं कौतुक करतात. मी मुकाट्यानं खायचे. उप्पलला ज्या घरात वरच्या खोलीत राहायचे तिथल्या अम्मा रोज जिन्यात उभ्या राहून "तिन्नावा?" विचारायच्या, जेवलीस का. महिनाभरात मी त्यांना तेलुगूत खोटं सांगायला शिकले. त्यांच्या दारावर लिंबू-मिरचीच्या खाली एक काळी बी लटकत होती. मी बोट दाखवून विचारलं तर म्हणाल्या, "जीडिगिंजा. दिष्टी." दृष्ट लागू नये म्हणून. आमचा बिब्बाच तो. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि मग अम्मा माझ्याकडे जरा जपून बघू लागल्या.

एम.एस्सी. झाली, पुढं पीएच.डी. झाली आणि औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत मी मेडिसिनल केमिस्ट म्हणून लागले. आमच्या गटाचं काम असं: निसर्गात सापडणारं एखादं द्रव्य घ्यायचं, जे कॅन्सरच्या पेशींना मारतं पण औषध म्हणून वापरता येत नाही. का येत नाही? कधी ते पाण्यात विरघळत नाही, कधी लिव्हर त्याला अर्ध्या तासात मोडून टाकतं, कधी ते कॅन्सरच्या पेशीसोबत चांगल्या पेशींनाही मारतं. मग त्या रेणूत इथं एक तुकडा जोडायचा, तिथला एक काढायचा, पुन्हा तपासायचं. अशा प्रत्येक बदललेल्या रूपाला आम्ही ॲनालॉग म्हणतो आणि नंबर देतो. बहुतेक नंबर कचऱ्यात जातात. हे सांगताना आता मला वाईट वाटत नाही, पहिली दोन वर्षं फार वाटायचं.

एका मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, नवीन कुठली वनस्पती घ्यायची, यादी द्या. माझ्या तोंडून निघालं, बिब्बा. मायनं सांगू नको म्हटलेलं पहिल्याच संधीला सांगून बसले. झालं असं की बिब्ब्याच्या तेलावर आधीच बरंच लिहिलं गेलं होतं. त्या तेलातला मुख्य रेणू म्हणजे एक कडं, कड्याला शेजारी शेजारी दोन हात आणि मागं लांब शेपूट. ते दोन हात दिसेल त्याला धरतात. कातडीला धरलं की फोड, पेशीच्या आत शिरून धरलं की पेशी मरते. म्हणजे जे मारतं तेच जाळतं. आमचं काम होतं त्या दोन हातांना टोप्या घालायचं, अशा की रक्तातून जाताना टोप्या घट्ट राहाव्यात आणि कॅन्सरच्या पेशीत पोचल्यावरच निघाव्यात. सांगायला दोन वाक्यं लागतात. मला चार वर्षं झाली होती आणि टोप्या एकतर वाटेतच गळायच्या, नाहीतर शेवटपर्यंत निघायच्याच नाहीत.

फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या पेटीच्या काचेमागं, दोन-दोन हातमोजे घालून मी बिब्ब्याचं तेल वापरायचे. एक फोड आला नाही कधी. मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मोजे इतके सोपे असते त आमाले काऊन नाई देल्ले कोनी?" मी पुढच्या खेपेला मोज्यांचे चार डबे घेऊन गेले. तिनं ते एकदा घातले, घामानं हात निसटतो म्हणाली आणि पुन्हा राखेवर आली.

आता ती चूक. माझ्या जुन्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, त्यांनी मला पाहुणी म्हणून बोलावलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, पोरं सतरंजीवर चुळबुळ करत बसली होती आणि समोरच्या खुर्च्यांत गाव होतं. मी म्हणाले, "आपल्या जंगलातल्या बिब्ब्यात कॅन्सरच्या पेशींना मारणारं द्रव्य आहे, आणि मी त्याच्यावरच काम करते." टाळ्या पडल्या. मला पुढं सांगायचं होतं की हे काचेच्या बशीतलं झालं, माणसातलं नाही. की कच्चा बिब्बा विषारी आहे. की ज्याला औषध म्हणता येईल ते अजून जगात नाही. पण मागं नाचाची पोरं घुंगरू बांधून तयार होती, माईक शिट्टी वाजवत होता. ही झाली सबब. खरं सांगायचं तर टाळ्या गोड लागल्या आणि त्या टाळ्यांवर पाणी ओतायचं मला जिवावर आलं.

कुणीतरी तेवढंच मोबाईलवर घेतलं होतं. आठवड्याभरात गावाच्या ग्रुपवर फिरू लागलं, वर लिहिलेलं, "आपल्या गावच्या पोरीनं कॅन्सरवर औषध शोधलं". मी ते हैदराबादच्या मेट्रोत बसून पाहिलं. शोधलेलं नाही, असं लिहायला हवं होतं. मी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला.

मोठाबांना गावात सोमाभाऊ म्हणतात. शेतीसोबत ते जंगलातलं औषध देतात. विंचू, मोडलेलं हाड, बाळंतिणीचं पोट, असल्या गोष्टींना आजूबाजूच्या चार गावांतून माणसं यायची. लहानपणी त्यांच्या शेजारी दिवा धरून बसणं हे माझं काम होतं, घरात त्यांनी शिकवलं ते मलाच. बिब्बा ते फार थोड्यांना द्यायचे. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब सुटतो तो दुधात पडू द्यायचा, आज एक, उद्या दोन. तोंड आलेल्याला नाही, पोटुशीला नाही, अंगात उष्णता असलेल्याला नाही. माझ्या आयुष्यातली केमिस्ट्रीची पहिली शाळा तीच, हे मी कुठल्याच बायोडेटात लिहिलेलं नाही.

आमच्या घरात औषध देण्याची एक रीत होती. दुसऱ्यांच्या घरात काय आहे मला माहीत नाही. देणाऱ्यानं आपलं औषध आपल्याच हातानं घ्यायचं नाही, स्वतः आजारी पडला तर ज्याला शिकवलं त्यानं द्यायचं. देण्याआधी तो विचारतो, "देईन ते घेशीन?" घेणारा म्हणतो, "घेईन." एकदा हे झालं की घेणाऱ्यानं काय आणि किती विचारायचं नाही. आणि औषध पुरं होईपर्यंत देणाऱ्यानं त्याला सोडून जायचं नाही. मोठाबा कितीदा पेरणी टाकून दुसऱ्याच्या घरी पंधरा-पंधरा दिवस राहिले आहेत, आणि त्यांची बायको, माझी मोठी माय, बडबडत एकटीनं पेरत राहिली आहे.

ते एक नंबरचे खर्रेवाले. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घासून पुडी गालात, सकाळी उठल्यापासून. शाळेतल्या त्या कार्यक्रमानंतर आठ महिन्यांनी त्यांच्या गालातली जखम चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासायला पाठवली आणि कॅन्सर असल्याचा कागद आला. नागपूरला ऑपरेशन झालं, ते मी सुट्टी काढून पाहिलं. नंतर तीस शेक सांगितले, रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. शेकासाठी त्यांचा मुलगा दिवाकरदादा त्यांना घेऊन नागपुरात राहिला. मी रोज फोन करायचे, दादा रोज ठीक आहे म्हणायचा.

एका दुपारी दादाचा फोन आला. "सुशे, आमी घरी आलो."

"का? शेक?"

"अकरा झाले. बाबा नाई म्हनून राह्यले. तोंड जळून गेलं म्हनते. म्हनते, सुशीचं औषध असल्यावर हे काऊन सोसू? दहा दिवस झाले बसून, तुले सांगाची हिंमत नाई झाली माही. तुई वाट पाहून राह्यले."

मला त्या मेट्रोतलं माझं जोडलेल्या हातांचं चिन्ह आठवलं. त्याच आठवड्यात माझ्या एका ॲनालॉगची उंदरांवरची तपासणी सुरू होणार होती, टोपी नीट बसलेला तो पहिला नंबर. मी चार दिवसांची रजा टाकून संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले तर अंगणात सगळं मांडून ठेवलेलं. पाटावर दुधाचा पेला, सुई, पेटवायचा दिवा, सुपात निवडलेले पाच बिब्बे. मोठाबा खाटेवर बसले होते. गाल आत गेलेला, मानेची कातडी काळी पडलेली. बोलणं जड झालं होतं पण कळत होतं. माय, मोठी माय आणि दादा ओसरीला टेकून उभे होते.

"आनलं?" त्यांनी विचारलं.

"काय आणायचं होतं, मोठाबा?"

"तुयं औषध."

मी खाली बसले. "औषध झालंच नाही अजून."

"तूच म्हनतलं ना शाळेत. सारं गाव होतं."

"म्हटलं होतं. अर्धंच म्हटलं. काचेच्या बशीत पेशी मरतात, एवढंच खरं आहे. बशीत तर फिनाईलनंही मरतात. फिनाईल पिता येतं का?"

ते थोडं हसल्यासारखे झाले, हसताना दुखलं असावं. "मंग तू चार वर्षं बिब्ब्याचं काय करून राह्यली?"

मी सांगितलं. दोन हात, टोप्या, वाटेत गळतात ते, निघत नाहीत ते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्यांना सगळं कळलं, माझ्या साहेबांपेक्षा लवकर कळलं. "म्हंजे तूबी बिब्बा शुद्धच करून राह्यली," ते म्हणाले. "आमी विटेच्या चुऱ्यात घासतो, तू मशिनीत. झाला शुद्ध?"

"नाही."

"कवा होईन?"

"माहीत नाही. होईल की नाही तेही माहीत नाही."

मोठी माय तोंडाला पदर लावून आत गेली. मोठाबांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "मंग जसा हाय तसा दे. मले माह्या हातानं घेता येत नाई, तुले माहीत हाय. तुयासाठीच थांबलो दहा दिवस."

म्हणजे त्या रीतीनं त्यांना दहा दिवस वाचवलं होतं. रीत नसती तर कधीच घेऊन बसले असते, त्या सोललेल्या तोंडानं. कॅन्सर, शेक, व्हिडिओ, सगळ्यांवर त्यांनी विश्वास ठेवून किंवा न ठेवून पाहिला होता, पण या एका गोष्टीवर त्यांचा पक्का भरवसा होता. मी उठले, रांजणावर जाऊन हात धुतले आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. औषध देताना नातं बाजूला ठेवायचं असतं, मोठ्यालाही तू म्हणायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तू म्हणाले.

"देईन ते घेशीन?"

"घेईन."

मी पाट बाजूला सरकवला. खुंटीवरची दवाखान्याची पिशवी काढली, तिच्यातली फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे घ्यायचं. उद्या सकाळी नागपूर. राहिलेले शेक सगळे."

दादानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मोठाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी इथं लिहायचा प्रयत्न करणार नाही. त्यांनी माझ्यावर ठेवलेला विश्वास मी एकदा नकळत वाया घालवला होता आणि आता जाणूनबुजून त्यांच्याविरुद्ध वापरला होता. ते फाईल उचलून आत गेले. जेवले नाहीत. पण नाही म्हणाले नाहीत, म्हणू शकत नव्हते.

आणि मी निघून जाऊ शकत नव्हते. औषध पुरं होईपर्यंत देणाऱ्यानं सोडायचं नाही. चार दिवसांच्या रजेचे सहा आठवडे झाले. खाडा पडला म्हणून डॉक्टरांनी आणखी चार शेक वाढवले होते आणि खाड्यानं नुकसान होतं हे त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मी फक्त मान हलवली. ते नुकसान कुणामुळं झालं हे त्यांना सांगायला हवं होतं का, अजून ठरवू शकलेले नाही. तिकडे हैदराबादेत साहेबांनी समजूतदारपणे माझा नंबर दुसऱ्या केमिस्टला दिला. तपासणी थांबवता येत नाही, त्यांचंही बरोबर होतं. परत गेले तेव्हा त्या ॲनालॉगच्या रिपोर्टवर त्याचं नाव वर आणि माझं खाली होतं. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते पुन्हा अर्धं सांगितल्यासारखं होईल. फार वाटलं.

नागपुरात दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्हाला खोली मिळाली. सकाळी शेक. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून त्यांना मशीनखाली निजवायचे, मी बाहेर बाकावर. आठवड्यातून एकदा केमोची सलाईन. पहिले नऊ दिवस मोठाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी पातळ पेज करायचे, ते प्यायचे. मी औषधाची गोळी पुढं करायचे, ते घ्यायचे. आज्ञाधारक रोग्यासारखे वागून त्यांनी माझा जीव नकोसा केला.

दहाव्या दिवशी परत येताना ते धर्मशाळेच्या अंगणात थांबले. तिथं कुंपणाला सदाफुली फुललेली होती, गुलाबी, धुळीनं माखलेली. आमच्या विहिरीजवळही आहे, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले की वॉर्डात त्या लहान मुलाला जी सलाईन लागली होती ना, ती या झाडापासून निघालेली. ब्लड कॅन्सरवर देतात. तुमच्या बाजूच्या खाटेवरच्या बाईंना लागली होती ती दुसऱ्या एका झाडाच्या पानांतून, पण झाडात असते तशी नाही. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून तिचा एक तुकडा बदलला, मग ती औषध झाली.

मोठाबांनी एक पान खुडून चुरगळलं, वास घेतला. "किती वर्षं लागले त्यायले?"

"कित्येक. ज्यांनी सुरू केलं त्यांतल्या सगळ्यांनी शेवट पाहिला नसेल."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. बोलायला त्रास होत होता, एकेक शब्द सुटा काढत होते. "मंग मी नाई थांबत बिब्ब्यासाठी," ते म्हणाले. "मी शेक घेतो. तू थांब."

मी त्यांच्या शेजारी बसून मोकळेपणानं रडले. त्यांनी थांबवलं नाही.

याला दोन वर्षं होऊन गेली. मोठाबा आहेत. तपासणीला जातात, पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही. खर्रा सुटला. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, जीभ जड आहे, त्यांचं बोलणं आता आम्हा घरच्यांनाच कळतं. मी हैदराबादलाच आहे, अम्मांच्या वरच्या खोलीतून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेले, बिब्ब्यावरच काम करते, नवीन नंबर, नवीन टोप्या. जो नंबर माझ्या हातून गेला तो उंदरांच्या लिव्हरपुढं टिकला नाही. दुसऱ्याचं नाव वर होतं म्हणून मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

या हिवाळ्यात घरी गेले होते. सकाळी अंगणात ऊन घेत बसलो होतो, मोठाबा खाटेवर, मी गोडंबी निवडत. एक बाई आली, चिमूरकडची, दोन बस बदलून आलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. तिनं मोठाबांना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली.

"तुमीच काय थ्या हैदराबादवाल्या बाई?"

"हो."

"आमच्या घरच्यायले गळ्याचा सांगतला. बिब्ब्यानं बरा होते म्हनते. तुमचा व्हिडिओ पाह्यला मी."

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढायला लावला, त्याच ग्रुपवर दुसरा टाकला, पूर्ण सांगणारा. तो कुणी पुढं पाठवत नाही. मी सुपावरून हात काढला. "नाही," मी म्हणाले. "बिब्ब्यानं बरा होत नाही. देऊ नका, त्यानं जास्त होईल. त्या व्हिडिओत मी अर्धंच बोलले, चूक माझी आहे."

तिनं फाईल छातीशी धरली. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. "मंग तुमी तिथी काय करून राह्यल्या इतके वर्षं?"

ॲनालॉग, टोप्या, लिव्हर, सगळं डोक्यात होतं आणि त्यातलं काही तिच्या उपयोगाचं नव्हतं. खाटेवरून मोठाबा काहीतरी बोलले. बाईला कळलं नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याशिवाय तिथं सांगणारं कुणी नव्हतं.

"ते म्हणतात," मी म्हणाले, "शिकून राह्यली."

मोठाबा आणखी बोलले. तेही मीच सांगितलं. "म्हणतात, तिचं शिकून होईस्तोवर तुमी दवाखाना सोडू नका."

बाई मायनं आतून आणून टाकलेल्या चटईवर बसली, फाईल उघडून माझ्यापुढं ठेवली आणि पहिला कागद कुठला ते बोटानं दाखवू लागली.

हैदराबादेत कुणी विचारलं तर मी ऑन्कोलॉजीत आहे म्हणते, तेवढ्यानं भागतं. ते शहर मला आवडतं, तिथं मी काय बोलले यावर कुणाचं जगणं-मरणं अवलंबून नसतं. गावात भागत नाही. इथं माझा शब्द माणसं खरा धरतात, बस बदलून त्याच्यामागं येतात, म्हणून इथं मला नाही तर नाही असं पूर्ण म्हणावं लागतं, आणि म्हटल्यावर उठून जाता येत नाही. माझ्यापुरतं घर आता एवढंच आहे. मी हात पुसून तिचा पहिला कागद वाचायला घेतला.